दोरीवरचे ताट



खेड्याशी थोडाफार संबंध असलेल्या माणसाला महाराष्ट्रात पैसेवारी समजावून सांगावी लागत नाही. पावसाळा सरत आला की नजरअंदाज पैसेवारी निघते, मग सुधारित, आणि वर्ष संपताना अंतिम. ती ५० पैशांच्या वर की खाली, यावर गावाची सारासूट, कर्जवसुलीची स्थगिती, मुलांची परीक्षा फी अशा अनेक गोष्टी ठरत आल्या. इंग्रजी अमदानीत हिचेच नाव आणेवारी होते. अधिकाऱ्याने शिवारात उभे राहून पीक सोळा आण्यांपैकी किती आणे आहे ते सांगायचे. तो आकडा पेऱ्याच्या क्षेत्राने आणि सर्वसाधारण उताऱ्याने गुणला की जिल्ह्याचे धान्य निघे, जिल्ह्यांची बेरीज केली की प्रांताचे. देशात अन्न किती आहे याचा सरकारी अंदाज असा नजरेवर उभा होता.

त्या नजरेत लबाडी होती असे मी म्हणणार नाही. पुष्कळ अधिकारी कळकळीचे होते आणि त्यांना पिकातले कळत होते. पण डोळ्याला नेहमीचे पीक ओळखीचे असते. वर्ष फार चांगले असले तरी तो हात राखून बोलतो, फार वाईट असले तरी पुरते खाली उतरायला कचरतो. त्यात माहितीचा उपयोग वसुलीसाठी होणार की सवलतीसाठी, हेही बघणाऱ्याला ठाऊक असते. अशा शंभर नजरांची सरासरी काढली तर एकेकाचा लहरीपणा निघून जाईल. सगळ्या नजरा ज्या बाजूला झुकल्या आहेत तो झुकाव मात्र सरासरीत जसाच्या तसा राहील. संख्याशास्त्रात या झुकावाला अभिनती म्हणतात. नमुना वाढवला की योगायोगाची चूक घटते. नमुना चौपट केला तर ती निम्मी होते, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगतो. अभिनतीला नमुन्याच्या आकाराशी देणेघेणे नसते. ती अडवायची असेल तर दोन ठिकाणी अडवावी लागते: निवड होते त्या क्षणी, आणि मोजमाप होते त्या जागी. आजच्या व्याख्यानात मला सांगायचे आहे ते इतकेच. त्यासाठी मी बरेच फिरणार आहे.

हे जुन्या काळाचे दुखणे आहे असे कोणाला वाटू नये म्हणून एक अलीकडचे उदाहरण घेतो. २०२१ मध्ये अमेरिकेत करोनाची लस किती प्रौढांनी घेतली याचा अंदाज अनेक पाहण्या देत होत्या. फेसबुकमार्फत चालणाऱ्या एका पाहणीत दर आठवड्याला सुमारे अडीच लाख लोक उत्तरे देत. नंतर प्रत्यक्ष लसीकरणाच्या नोंदींशी ताडून पाहिले तेव्हा त्या वर्षीच्या मे महिन्यातला तिचा अंदाज १७ टक्के-बिंदूंनी जास्त निघाला. त्याच काळात आठवड्याला जेमतेम हजार माणसांना विचारणारी, पण काळजीपूर्वक नमुना घेणारी दुसरी एक पाहणी वास्तवाच्या जवळ होती. हा हिशेब त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये छापून आला. अडीच लाखांचा तो नमुना अचूकतेच्या दृष्टीने दहा माणसांच्या निखळ यादृच्छिक नमुन्याच्या तोडीचा ठरू शकतो, असे त्या अभ्यासकांनी दाखवले. उत्तर देणारे आणि न देणारे यांच्यात फरक होता, आणि आणखी लाखभर उत्तरे आली असती तरी तो तसाच राहिला असता.

मोजणाऱ्याच्या हातात निवड दिली की काय होते, याचा धडा इटलीने घालून दिला. १९२१ च्या जनगणनेचे कागद जागा अडवत होते, ते हलवायचे होते. त्याआधी पुढच्या अभ्यासासाठी एक नमुना राखून ठेवावा, असे ठरले. कोरादो जिनी आणि लुइजी गालवानी या दोन नामवंत संख्याशास्त्रज्ञांनी २१४ विभागांतून २९ विभाग निवडले. निवड विचारपूर्वक होती. सात महत्त्वाच्या बाबींच्या सरासऱ्या नमुन्यात आणि देशात जुळाव्यात, अशा बेताने विभाग घेतले होते आणि त्या बऱ्याचशा जुळल्याही. मग त्यांनी बाकीच्या गोष्टी ताडून पाहिल्या, तर नमुना आणि देश जागोजागी एकमेकांपासून दूर गेलेले! ज्या सात दोऱ्या धरल्या होत्या तेवढ्याच हातात राहिल्या. हे अपयश त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केले, आणि त्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

१९३४ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे येर्झी नेमन यांनी जो निबंध वाचला त्यात या इटालियन नमुन्याची चिकित्सा आहे. नेमन यांचे म्हणणे थोडक्यात असे. समाजाचे आपल्याला माहीत असलेले थर पाडा, हे ज्ञान जरूर वापरा. पण थराच्या आत कोण निवडला जाईल ते चिठ्ठीवर सोडा. चिठ्ठी टाकली की प्रत्येकाची निवडीची शक्यता आपल्याला माहीत असते, आणि ती माहीत असली तरच आपला अंदाज किती चुकू शकतो हे सांगता येते. ज्या थरात फरक जास्त त्यातून जास्त माणसे घ्या, हा नियमही त्यांनी तिथे गणिताने मांडला.

त्या वेळी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा, फर्ग्युसनमधून गेलेला एक तरुण शिकत होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. मराठी वाचकांना सुखात्मे माहीत आहेत ते मुख्यतः आहार आणि दारिद्र्यरेषा यांवरून अर्थशास्त्रज्ञ दांडेकरांशी झालेल्या त्यांच्या वादामुळे. पण त्यांचे मूळ काम नमुना पाहणीचे. थरांतला फरक आधी ठाऊक नसेल तर नेमन यांचा नियम कसा वापरायचा, हा प्रश्न त्यांनी १९३५ मध्येच हाती घेतला: आधी छोटा नमुना काढा, त्यावरून फरक अजमावा, मग मोठा नमुना वाटा. १९४० मध्ये ते दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत आले आणि पुढच्या दहा-अकरा वर्षांत त्यांनी या देशातल्या पिकांचा अंदाज नजरेवरून उचलून तराजूवर नेऊन ठेवला. त्यांच्याच पिढीतल्या विनायक गोविंद पानसे यांनी त्याच दशकात वऱ्हाडात कापसाच्या उत्पन्नाच्या पाहण्या उभ्या केल्या. या दोघांनी मिळून शेतीतल्या संख्याशास्त्रावर लिहिलेले पुस्तक कृषी महाविद्यालयांतून आजही ‘पानसे-सुखात्मे’ म्हणूनच मागितले जाते.

पीक कापणी प्रयोग तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी तो जरा जवळून सांगतो, कारण नमुना पाहणीचे सगळे शास्त्र त्या अर्ध्या दिवसात वावरताना दिसते. गावे चिठ्ठीने ठरलेली असतात. गावातला गट नंबरही यादृच्छिक अंकांच्या तक्त्यावरून किंवा आता मोबाइलवरून येतो. शेतात गेल्यावर कृषी सहायक किंवा तलाठी पहिल्यांदा नैऋत्य कोपरा शोधतो. तिथून शेताची लांबी आणि रुंदी मोजायची, तक्त्यातून अंकांची एक जोडी घ्यायची, तितके अंतर लांबीकडे आणि तितके रुंदीकडे चालायचे. जिथे पाय थांबेल तिथे पहिली खुंटी. त्या खुंटीपासून ठरलेल्या मापाचा चौरस किंवा आयत दोरीने आखायचा, कर्ण मोजून कोन काटकोनात आहे की नाही ते पाहायचे, मग आतले पीक कापून, मळून, वजन करायचे. ओल्या धान्याचे वजन फसवे असते, म्हणून काही ठिकाणचे धान्य वाळवून पुन्हा तोलायचे.

या साऱ्या नियमांचा हेतू एकच आहे. शेतात गेलेल्या माणसाला ‘इथे घेऊ या’ असे म्हणायला जागा ठेवायची नाही. खुंटी नेमकी चिबडात आली, ओढ्याच्या कडेच्या विरळ पिकात आली, तरी ती हलवायची नाही. शेतकरी म्हणतो, साहेब, हा तुकडा खराब आहे, पलीकडे बघा. ते खरेही असते. पण खराब तुकडासुद्धा त्या शेताचाच भाग आहे आणि त्यालाही निवडले जाण्याचा तितकाच हक्क आहे.

एवढे करूनही एक जागा उरते, ती म्हणजे दोरी. दोरी बांधली की काही ताटे बरोबर तिच्यावर येतात. रब्बी ज्वारीच्या शेतात मी हे पुष्कळदा पाहिले आहे. ताट उभे असते दोरीच्या बाहेर, कणीस झुकलेले असते आत. कापणारी बाई विळा धरून थांबते आणि विचारते, हे घ्यायचे की सोडायचे? नियम सांगतो की बुंधा कुठे आहे ते पाहा. पण वारा असतो, घाई असते, ऊन चढलेले असते, आणि भरलेले कणीस समोर दिसत असताना ते बाहेर टाकायला हात तयार होत नाही. चूक होते ती बहुधा आत घेण्याची. बाहेर सोडण्याची चूक त्या मानाने क्वचित होते, म्हणून या चुका एकमेकींना फेडत नाहीत.

आता जरा हिशेब करू. समजा ही चूक सगळीकडून एक इंचाची आहे, म्हणजे दोरीबाहेरची एक इंचाची पट्टी नकळत आत येते. दोन फूट त्रिज्येचे वर्तुळ आखले असेल तर या इंचाने क्षेत्र साडेआठ टक्क्यांनी वाढते. तोच इंच ३३ फूट बाय साडेसोळा फुटांच्या, म्हणजे एकराच्या ऐंशीव्या भागाच्या आयताला लावा, तर वाढ होते दीड टक्का. तुकडा जितका लहान तितकी त्याची कड क्षेत्राच्या मानाने लांब, आणि चूक तर सगळी कडेवरच राहते. वर्तुळे शंभर घ्या की दहा हजार, साडेआठचे साडेआठच राहणार. उलट दहा हजारांचा आकडा पाहून वाचणाऱ्याचा विश्वास वाढेल आणि चूक अधिक पक्की होऊन बसेल.

सुखात्म्यांनी हे कागदावर सिद्ध करून सोडले नाही. चाळीसच्या दशकात त्यांनी एकाच शेतात लहानमोठ्या मापाचे तुकडे कापून उतारे शेजारी शेजारी मांडले. फार लहान तुकड्यांवरून काढलेला उतारा ठळकपणे जास्त येत होता आणि माप वाढत गेले तसा तो खाली येत होता. हा निष्कर्ष १९४६ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला आणि त्यावरून भारतीय संख्याशास्त्रातला एक मोठा वाद पेटला. समोर होते प्रशांतचंद्र महालनोबिस. बंगालमध्ये तागाच्या पाहणीपासून त्यांनी उभारलेली पद्धत लहान तुकड्यांची होती. तिची बाजूही भक्कम होती. लहान तुकडा लवकर कापून होतो, त्यामुळे तेवढ्याच पैशांत जास्त गावे होतात, आणि उताऱ्यातला खरा फरक असतो तो गावागावांत, एका शेताच्या दोन कोपऱ्यांत नव्हे. शिवाय महालनोबिस यांचे लोक स्वतः शिकवून तयार केलेले, याच कामाचे होते. सुखात्मे महसूल आणि शेती खात्याच्या नोकरांकडून काम करून घेत होते, ज्यांना वर्षभर दुसरी शंभर कामे असत.

मला विचाराल तर या वादात दोघेही एकाच चुकीचे दोन हिस्से बोलत होते. पाहणीच्या एकूण चुकीचा वर्ग म्हणजे योगायोगाच्या चुकीचा वर्ग आणि अभिनतीचा वर्ग यांची बेरीज. महालनोबिस पहिला हिस्सा उतरवत होते, सुखात्मे दुसरा. पण आपल्याकडे काम जर सरकारी नोकरच करणार असेल, आणि ते तसेच होते व आहे, तर सुखात्म्यांचा निर्णय योग्य होता असे माझे मत आहे. पद्धत ठरवताना ती कोणाच्या हातून पार पडणार आहे हे पाहावेच लागते. आज देशभर पीक कापणीत पाच मीटर बाय पाच मीटर किंवा दहा बाय पाच अशी मापे दिसतात, ती या विचारातून आली आहेत.

महालनोबिस यांची एक कल्पना मात्र मी आयुष्यभर डोक्यावर घेऊन हिंडलो आहे. एकच नमुना घेण्याऐवजी त्याच प्रदेशात एकमेकांत गुंतलेले दोन स्वतंत्र नमुने घ्यायचे आणि ते दोन वेगळ्या पथकांकडे द्यायचे. दोन्ही उत्तरे जवळपास आली तर बरे. दूर गेली, आणि ते अंतर योगायोगाने पडण्याजोगे नसले, तर पथकांच्या हातात फरक आहे हे आपोआप उघड होते. एरवी अभिनती आकडेवारीत पाऊलखुणा ठेवत नाही. तिला पकडण्याची इतकी साधी आणि स्वस्त युक्ती दुसरी नाही.

निवडीच्या बाजूला वळतो. इथे डी. बी. लाहिरी यांनी १९५१ मध्ये केलेली एक गोष्ट मला या शास्त्रातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी वाटते. पिकाचा अंदाज काढताना आपण सहसा गुणोत्तर वापरतो. नमुन्यातल्या गावांचे उत्पन्न भागिले त्यांचे क्षेत्र, गुणिले तालुक्याचे एकूण क्षेत्र. पद्धत सोयीची आहे, पण तिच्यात थोडी अभिनती असते. फक्त तीन गावे घेऊन पाहू. पहिल्यात १०० हेक्टर ज्वारी आणि ५०० क्विंटल उत्पन्न, दुसऱ्यात २०० हेक्टर आणि १,६०० क्विंटल, तिसऱ्यात ३०० हेक्टर आणि ३,००० क्विंटल. एकूण क्षेत्र ६००, खरे उत्पन्न ५,१००. आता एकच गाव निवडायचे आहे. पहिले आले तर हेक्टरी उतारा ५, म्हणून अंदाज ३,०००. दुसरे आले तर ४,८००. तिसरे आले तर ६,०००. तिन्हींना सारखी संधी दिली तर सरासरी अंदाज ४,६००, म्हणजे पाचशे क्विंटल कमी. पुन्हा पुन्हा चिठ्ठी टाका, सरासरी ४,६०० वरच जाऊन बसेल.

यावर सूत्रात दुरुस्ती करण्याचे मार्ग आहेत आणि पुष्कळांनी ते शोधले. लाहिरी यांनी सूत्राला हातच लावला नाही. त्यांनी निवड बदलली. गावाची संधी त्याच्या क्षेत्राच्या प्रमाणात ठेवा: पहिल्याला सहातला एक भाग, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. मग सरासरी अंदाज होतो ५०० अधिक १,६०० अधिक ३,०००, बरोबर ५,१००. सूत्र तेच आणि गावे तीच असताना अभिनती पूर्ण गेली. अनेक गावे निवडायची असली तरी हे साधते. पहिले गाव क्षेत्राच्या प्रमाणात घ्यायचे आणि बाकीची साध्या चिठ्ठीने.

प्रमाणात निवड कशी करायची, यासाठीची त्यांची रीत तर शाळकरी मुलालाही जमेल. एक अंक १ ते ३ मधला काढा, तो गावाचा. दुसरा १ ते ३०० मधला काढा. दुसरा अंक त्या गावाच्या क्षेत्राइतका किंवा कमी असेल तर गाव पक्के. जास्त असेल तर दोन्ही अंक टाकून द्या आणि पुन्हा सुरुवात करा. पहिले गाव आले आणि दुसरा अंक १७२ निघाला, सोडा. दुसरे गाव आले आणि ८८ निघाला, ते घ्या. हजारो गावांची यादी असली तरी क्षेत्रांच्या बेरजा मारत बसावे लागत नाही. ज्या काळात हिशेब हाताने किंवा हाताच्या यंत्राने होत, त्या काळात ही केवढी बचत होती याची कल्पना करा.

एक इशारा इथे द्यायला हवा. आकाराच्या प्रमाणात निवड जाणूनबुजून केली तर ती औषध आहे. नकळत झाली तर तीच विष होते. शाळेतल्या मुलांना ‘तुम्ही भावंडे किती’ असे विचारून गावातल्या कुटुंबांचा सरासरी आकार काढणारे अहवाल मी वाचले आहेत. एका घरात एक मूल, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात सहा, तर घरामागे सरासरी तीन. मुलांना विचारले तर सहा जणांच्या घरातून सहा उत्तरे येतात आणि सरासरी साडेचारच्या वर जाते. मोठ्या घराला नमुन्यात शिरायच्या वाटाच जास्त.

याच मातीतल्या आणखी एका माणसाचे नाव घेतले पाहिजे. पुण्यात जन्मलेले, काही वर्षे मुंबई सरकारच्या अर्थ व सांख्यिकी कार्यालयात काम केलेले विद्याधर गोडांबे. १९५५ मध्ये त्यांनी सिद्ध केले की अभिनतीविरहित रेषीय आकलकांमध्ये, म्हणजे नमुन्यावरून अंदाज काढण्याच्या अशा सूत्रांमध्ये, सर्व परिस्थितींत सर्वांत चांगला ठरेल असा एकच आकलक अस्तित्वातच नाही. तोवर लोक तो शोधत होते. गोडांबे यांच्यानंतर नमुना पाहणीच्या सिद्धान्ताचा पायाच नव्याने तपासावा लागला. व्यवहारात त्याचा अर्थ असा घ्यावा की लोकसंख्येविषयी आधी असलेले ज्ञान बाजूला ठेवून सर्वांना लागू पडणारी एकच कृती मिळणार नाही. गावाची, शेताची, घराची ओळख लागतेच.

आता घराकडे येतो, कारण शहरी पाहणीतली दोरी म्हणजे दाराचे कुलूप. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे संयोजन मुंबईत देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेकडून होते. २०१९ ते २०२१ च्या फेरीत सुमारे ६ लाख ३६ हजार कुटुंबे होती. निवडलेल्या प्रत्येक गावात किंवा वस्तीत आधी सगळ्या घरांची यादी होते, मग तिच्यातून ठरावीक अंतराने २२ घरे. त्यातले एखादे बंद असले तर पुन्हा यायचे, वेगवेगळ्या वेळी यायचे; बदली म्हणून शेजारचे घर घ्यायचे नाही. शेजारच्या घरात बाई उभी असते, बोलायला तयार असते, चहासुद्धा विचारते. अन्वेषकाला दिवसाची घरे पुरी करायची असतात. पण चाळीतले दुपारी बंद असणारे दार म्हणजे नवरा-बायको दोघे कामावर, किंवा एकटा राहणारा कामगार. उघडे दार म्हणजे घरात कोणीतरी म्हातारे, आजारी किंवा लहान मूल असलेले कुटुंब. बंद दाराऐवजी उघडे दार घेतले की एक प्रकारचे घर जाऊन दुसऱ्या प्रकारचे घर नमुन्यात येते, आणि नोंदीत मात्र २२ पैकी २२ घरे पूर्ण दिसतात.

उत्तर न देणाऱ्यांचे काय करायचे, याची सर्वांत सरळ वाट मॉरिस हॅन्सन आणि विल्यम हर्विट्झ यांनी १९४६ मध्ये दाखवली. समजा, हजार घरांना पत्रे पाठवली. चारशे उत्तरली आणि त्यांतल्या ३० टक्के घरांत आपण शोधतो ती अडचण आहे. उरलेल्या सहाशेंच्या मागे लागणे परवडत नाही. मग त्यांतून चिठ्ठीने दोनशे निवडा आणि त्या दोनशे दारांवर माणूस पाठवा, कितीही चकरा झाल्या तरी. तिथे ६० टक्के निघाले. त्या दोनशेतले प्रत्येक घर तीन घरांचे वजन घेते आणि खरा अंदाज येतो ४८ टक्के. पहिल्या चारशेंवर थांबलो असतो तर ३० म्हटले असते, आणि दहा हजार पत्रे पाठवली असती तरी ३०च म्हटले असते. पत्रांचा खर्च कमी करून पायांवरचा खर्च वाढवणे, असा हा सौदा आहे. वय, शिक्षण, लिंग यांच्या ज्ञात आकड्यांशी नमुना जुळवून वजने देण्याच्या पद्धती आज संगणकावर सहज होतात आणि त्या जरूर वापराव्यात. पण वजन फक्त आपल्याला माहीत असलेल्या बाबींवर देता येते. जिनी आणि गालवानी यांच्या सात दोऱ्या इथेही आठवाव्यात.

मोजमापाची दुसरी एक अभिनती स्मरणात राहते. ‘गेल्या तीस दिवसांत डाळ किती आणली’ असे विचारले तर एक उत्तर येते, ‘गेल्या सात दिवसांत’ विचारले तर दुसरे, आणि सातच्या उत्तराला महिन्यावर आणले की ते बहुधा मोठे निघते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या सुरुवातीच्या वर्षांत महालनोबिस आणि त्यांचे सहकारी सेन यांनी यावर प्रयोग केले आणि तीस दिवसांचा संदर्भ पसंत केला. पुढे १९९९-२००० च्या फेरीत अन्नासाठी एकाच घराला दोन्ही मुदतींचे प्रश्न शेजारी शेजारी विचारले गेले. माणूस आपली दोन उत्तरे आपोआप जुळवून घेतो. त्या फेरीवरून गरिबी किती घटली, याचा वाद वर्षानुवर्षे चालला, कारण आधीच्या फेऱ्यांशी तुलना करण्याचा धागाच तुटला होता. लाखभराहून जास्त कुटुंबांची पाहणी प्रश्नपत्रिकेतल्या दोन रकान्यांनी अडचणीत आणली.

या सगळ्याचा भार आज सर्वांत जड कुठे पडतो, तर पीक विम्यावर. २०१६ पासूनच्या पंतप्रधान पीक विमा योजनेत महसूल मंडळासारख्या घटकात किमान दहा कापणी प्रयोगांवरून त्या हंगामाचा उतारा काढतात आणि तो उंबरठा उत्पादनाशी ताडतात. उंबरठा हेक्टरी १० क्विंटल आणि खरा उतारा ९ असेल तर विमा रकमेच्या दहा टक्के भरपाई. दोरीवरच्या ताटांनी तोच उतारा लहान वर्तुळातल्यासारखा साडेआठ टक्क्यांनी फुगला तर ९.७७ दिसेल आणि भरपाई सव्वादोन टक्क्यांच्या आसपास येईल. कोणी म्हणेल, उंबरठासुद्धा आधीच्या वर्षांच्या अशाच कापण्यांवरून काढलेला असतो, मग दोन्हीकडची चूक कापली जाईल. दरवर्षी चूक तेवढीच असती तर ते खरे होते. पण पूर्वी कापणीच्या वेळी शेताच्या बांधावर फक्त सरकारी माणूस असे. आता एका बाजूला विमा कंपनीचा प्रतिनिधी उभा असतो, दुसऱ्या बाजूला भरपाईची वाट पाहणारा गाव. दोरीवरच्या ताटाला आता दोन दावेदार आहेत आणि ज्याचे बळ जास्त त्याच्या बाजूला ते जाणार. मोबाइलवर छायाचित्र आणि ठिकाणाची नोंद घेतल्याने माणूस शेतात गेला होता एवढे सिद्ध होते. बुंधा कुठे होता ते छायाचित्रात दिसत नाही.

म्हणून माझी एक मागणी आहे आणि ती मी या व्यासपीठावरून जाहीरपणे करतो. प्रत्येक तालुक्यात चिठ्ठीने काही गावे काढावीत. तिथे नेहमीच्या प्रयोगाबरोबर त्याच दिवशी, दुसऱ्या यादृच्छिक खुंटीपासून, दुसऱ्या स्वतंत्र पथकाने कापणी करावी. हे पथक कृषी महाविद्यालयांतल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे असू शकते. त्यांना तराजू, टेप आणि दोरी द्यावी, प्रवासभत्ता द्यावा, आणि बुंधा पाहण्याचा नियम शेतात उभे राहून शिकवावा. दोन्ही पथकांचे उतारे आणि त्यांच्यातला फरक तालुकावार छापावा. त्याच तक्त्यात किती ठिकाणी खुंटी बदलली, किती गट नंबर बदली घेतले आणि का, हेही असावे. कुटुंबांच्या पाहण्यांतही प्रतिसादाचा एकूण आकडा देऊन भागत नाही. बंद घरे किती, नकार किती, शहरात किती, खेड्यात किती, हे वस्तीच्या पातळीपर्यंत वाचकाला मिळावे. २०११ नंतरची जनगणना लांबल्याने आपल्या बहुतेक पाहण्या जुन्या याद्यांवर चालल्या आहेत आणि शहरांच्या कडेला उगवलेल्या वस्त्या त्या याद्यांत नाहीत. नव्या जनगणनेच्या याद्या येईपर्यंत निवडलेल्या जागी घरांची नवी यादी करण्याचा खर्च कुठल्याही पाहणीत कापू नये. पैसे कमीच असतील तर जागा कमी घ्याव्यात.

दुसऱ्या पथकाच्या कापणीचा प्रयोग येत्या रब्बीत एखाद्या ज्वारीच्या तालुक्यात करायला कोणती संस्था पुढे येत असेल, तर नमुन्याचा आराखडा मी करून देईन आणि खुंटी ठोकायला शेतात येईन.